अधिक महिन्याचं पुस्तक

ताई, स.न.वि.वि.

मी 62 वर्षांची. बडोद्यात दांडिया बाजारात वाढले, आता तिथेच मांजलपूरला राहते. बँकेतून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. आम्हा बारा जणींचं एक वाचनमंडळ आहे. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी कुणाच्या तरी घरी जमतो. प्रत्येकीनं वर्षाला 40 पुस्तकं वाचायची असं ठरलंय आणि त्याची वहीत नोंद होते. माझी यंदा आतापर्यंत 23 झाली. त्यांतली सहासुद्धा धड आठवत नाहीत, हे फक्त तुम्हालाच सांगते. गेल्या बैठकीत ‘मी एक कादंबरी तिसऱ्यांदा वाचायला घेणार आहे’ असं म्हटलं आणि हशा पिकला. माझी जाऊही मंडळात आहे. ती म्हणाली, “शिळ्या कढीला ऊत कशाला आणताय?” वही सांभाळणारीनं लगेच नियम सांगितला की एकदा वाचलेलं पुस्तक पुन्हा धरत नाहीत. घरी सुनेनं टेबलावर पुस्तक पाहिलं. ती गुजराती आहे. म्हणाली, “मम्मी, पाछी ए ज चोपडी?” म्हणजे, पुन्हा तेच पुस्तक?

हे पुस्तक माझ्या दादानं दिलेलं. 1986 साली मी बँकेत लागले तेव्हा पहिल्या पानावर दोन ओळी लिहून दिलं होतं. आत त्याच्या पेन्सिलीच्या खुणाही आहेत. तेव्हा एकदा वाचलं. मग 1995 मध्ये लेकाला कांजिण्या आल्या, तेव्हा त्याच्या उशाशी बसून वाचलं. दादा गेल्या दिवाळीनंतर गेला. आता पुन्हा उघडावंसं वाटतं आणि भीतीही वाटते. आता ते तितकं आवडलं नाही तर? बाइंडिंग सुटलंय, पानं हातात येतात. शिवाय न वाचलेली इतकी पुस्तकं पडलेली असताना वाचलेलंच वाचणं ही वेळेची नासाडी तर नाही ना? खरं काय ते सांगा.

मांजलपूरची एक वाचक

*

मांजलपूरच्या ताई,

खरं सांगा म्हणालात, म्हणून उत्तर आधीच देऊन टाकते. वाचा. मात्र पुस्तक आज संध्याकाळीच उघडू नका, थोडी तयारी करून उघडा. ती कसली, ते पुढे सांगते. आणि वहीत धरत नसतील तर धरायला लावू नका. त्यात तुमचाच फायदा आहे.

आधी हिशेब, कारण बँकेत उभा जन्म गेलेल्या माणसाला त्याशिवाय चैन पडायचं नाही. वर्षाला 40 पुस्तकं, आणि समजा अजून 20 वर्षं डोळे नीट चालले, तर झाली 800. आता वर्षाला दोन जुनी पुस्तकं पुन्हा वाचायची म्हटलं तर नव्यांतली 40 कमी होतात. राहिली 760. मांडवीजवळच्या आपल्या मध्यवर्ती ग्रंथालयात पुस्तकं लाखांत आहेत. त्या ढिगापुढे 800 काय आणि 760 काय! न वाचलेल्यांची रांग दोन्हीकडे सारखीच उरते. तेव्हा वेळेची नासाडी हा मुद्दा माझ्यापुरता निकालात निघाला. 23 वाचून सहाही धड आठवत नाहीत, ही नासाडी मात्र वहीत कुठेच दिसत नाही.

तुमच्या वहीवरून मला एक जुना शब्द आठवला, आणि तो आपल्याच गावाच्या नात्यातला आहे. 1916 साली बडोद्याहून गायकवाड ओरिएंटल सिरीजचा पहिला ग्रंथ निघाला, तो राजशेखराची ‘काव्यमीमांसा’. राजशेखर हजार-अकराशे वर्षांपूर्वीचा. कवी कसा असावा हे सांगता सांगता तो वाचणाऱ्याचेही चार प्रकार सांगतो. पहिला अरोचकी, म्हणजे ज्याला काहीच रुचत नाही. दुसरा सतृणाभ्यवहारी, म्हणजे गवतासकट खाणारा. समोर येईल ते पोटात. तिसरा मत्सरी. आणि चौथा तत्त्वाभिनिवेशी, गाभ्याशी पोचणारा. हा म्हणे हजारात मिळाला तर एखादा. तुमच्या मंडळाच्या वहीनं बारा सुशिक्षित बायकांना दुसऱ्या वर्गात नेऊन बसवलंय. गुरं तरी बरी, खाऊन झाल्यावर सावलीला बसून रवंथ करतात. तुम्हाला मात्र लगेच पुढच्या शनिवारची घाई.

मी नव्या पुस्तकांच्या विरोधात आहे असं समजू नका. बडोद्यात राहून तसं बोलणं कृतघ्नपणाचं होईल. सयाजीरावांनी 1906 साली राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं आणि 1910 साली बॉर्डन नावाचे अमेरिकन ग्रंथपाल बोलावून ग्रंथालयांचं जाळं विणायला घेतलं. राजवाड्यातला स्वतःचा संग्रह त्यांनी लोकांसाठी बाहेर काढला. खेड्यांत लाकडी पेट्यांतून पुस्तकं जायची. माझ्या आईच्या लहानपणी नवसारी प्रांतातल्या त्यांच्या गावी अशी पेटी यायची आणि शाळेत उघडायची. आई सांगायची, पेटी परत जायची तारीख ठरलेली असे, म्हणून आवडलेलं पुस्तक ती त्या तारखेच्या आत दोनदा वाचून घ्यायची. एकदा सगळ्यांसारखं, आणि एकदा ‘साठवणीचं’. हा तिचाच शब्द. म्हणजे ज्या व्यवस्थेनं आपल्याला नव्या पुस्तकांची चटक लावली, तिच्या पेटीतून काढूनही ती बाई दुसरं वाचन करतच होती.

त्याआधीच्या घरांत तर प्रश्नच नव्हता. घरात पोथ्या दोन किंवा तीन, त्याच दर चातुर्मासात निघायच्या. माझ्या आजीच्या पोथीत खुणेला मोरपीस असे. ‘आजी, तेच तेच वाचून कंटाळा नाही येत?’ असं मी विचारलं होतं. ती म्हणाली, “अगं, गेल्या वर्षी कुठे कळलं होतं?” आपल्याकडे पुन्हा वाचण्याला एक स्वतंत्र शब्द आहे, पारायण, आणि तो मानाचा आहे. तुमची जाऊबाई गुरुचरित्राच्या सप्ताहाला शिळी कढी म्हणेल का? विचारून बघा एकदा. (नाही, नका विचारू. घरात शांतता असलेली बरी.)

आता माझ्या खऱ्या म्हणण्याकडे येते. ‘पुस्तक तेच असतं, आपण बदललेले असतो’ असं लोक म्हणतात. खोटं नाही, पण त्यानं माझं समाधान होत नाही. कारण मधल्या काळात पुस्तकही बदललेलं असतं. कपाटातलं तसंच राहतं, डोक्यातलं राहत नाही. आपली आठवण ही एक नकलून घेणारी बाई आहे. हुशार, घाईची आणि जरा आगाऊ. ती दर वेळी प्रत उतरवते, एखादी ओळ गाळते, दोन पात्रांची सरमिसळ करते आणि रिकामी जागा दिसली की पदरचं घालते. तीस वर्षांनी तुमच्याकडे जे शिल्लक असतं त्यात मूळ लेखकाचं किती आणि त्या बाईचं किती, हे पुस्तक उघडल्याशिवाय कळायला मार्ग नाही.

हे आपल्याकडे फार पूर्वी कुणाला कळलं असेल तर नाथांना. ज्ञानेश्वरी शके 1212 ची, म्हणजे 1290. त्यानंतर जवळजवळ तीनशे वर्षं ती हातानं उतरवली जात होती. कुणाचं अक्षर चुकलं, कुणाला शब्द कळला नाही म्हणून त्यानं सोपा घातला, कुणी भक्तीच्या भरात आपलीच ओवी मध्ये सरकवली. एकनाथांनी शके 1506 मध्ये, 1584 साली, तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. आणि शेवटी बजावून ठेवलं की यात जो आपली ओवी घालील त्यानं अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असं समजा. नरोटी म्हणजे करवंटी. नऊ हजार ओव्या, आणि त्यांतली कुठली मूळची आणि कुठली करवंटी हे ओळखायचं, तर त्या माणसानं ते पुस्तक किती वेळा वाचलं असेल? दुसरं वाचन म्हणजे माझ्या लेखी हे, आपल्याच ताटातल्या नरोट्या शोधणं.

माझीच एक सांगते. लाज वाटते, पण सांगते. मी शाळेत मराठी शिकवायचे. एका कादंबरीतला एक प्रसंग मी नववीच्या वर्गाला वीस-बावीस वर्षं सांगत आले. मुलगा शिकायला परगावी निघतो, आई स्टेशनवर सोडायला येते, बोलण्याच्या नादात गाडी सुटते आणि दशम्यांचा डबा तिच्याच हातात राहतो. दरवर्षी एकदोन मुली हमखास डोळे पुसायच्या, आणि मीही आवाज थोडा खाली आणायचे. निवृत्तीनंतर ती कादंबरी पुन्हा वाचायला घेतली. तो प्रसंग आला, आणि आई स्टेशनवर येतच नाही! दारातूनच “जपून जा” म्हणते आणि आत वळते. पुढच्या ओळीत विहिरीवरचा रहाट सुरू झाल्याचा आवाज. संपलं. डबा नाही, गाडी नाही, काही नाही. मी पानं मागे-पुढे करून पाहिली, दुसरी आवृत्ती मिळवून पाहिली. नाहीच.

मग डबा आला कुठून? तो माझ्या आईच्या हातातला होता. 1973 साली मी शिकायला पुण्याला निघाले तेव्हा बडोदे स्टेशनवर तो तिच्याच हातात राहिला होता, आणि मी ते पार विसरून गेले होते. विसरले म्हणजे काय, दुसऱ्याच्या कादंबरीत नेऊन ठेवलं होतं. आणि खरं सांगू? लेखकानं लिहिलेलं माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं होतं. दारातून आत वळून लगेच पाणी ओढायला लागणारी ती बाई मला अठराव्या वर्षी दिसलीच नव्हती. अठराव्या वर्षी दिसायचीही नाही. तिच्यापुढे माझा डबा म्हणजे रडवायचा सोपा मार्ग. त्या बावीस वर्षांतल्या सगळ्या विद्यार्थिनींची मी मनातल्या मनात माफी मागितली. पण डबा टाकून नाही दिला.

टाकायचा नसतोच. आपल्या विद्यापीठातल्या प्राच्यविद्या मंदिरानं वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती काढली. 1960 ते 1975 या काळात तिचे सात खंड निघाले. निरनिराळ्या लिप्यांतली हस्तलिखितं समोर ठेवून श्लोकामागून श्लोक ताडून पाहायचे, हे काम. त्यात जे मूळचं नाही असं ठरलं ते फेकून दिलेलं नाही. तळटीपांत आणि परिशिष्टांत छापलेलं आहे, कोणत्या प्रतीत काय होतं या नोंदीसकट. माझा डबाही आता परिशिष्टात आहे. कुणाचा, कोणत्या सालचा, हे माहीत असलेला.

म्हणून तयारी करा म्हटलं. पुस्तक कपाटातच राहू द्या. एक फुलस्केप कागद घ्या, मध्ये उभी रेघ मारा आणि आठवेल ते लिहा. माणसांची नावं, कशानंतर काय घडतं, शेवट, आणि ‘हे वाक्य नक्की आहे’ अशी शपथ घेता येईल असं एक तरी वाक्य. तुमच्याकडे दोन हस्तलिखितं आहेत, हे भाग्यच म्हणायचं. डावीकडे ‘अ’ प्रत, 1986 ची, पहिल्या पगाराच्या दिवसांतली. उजवीकडे ‘ब’ प्रत, 1995 ची. तिच्यात कांजिण्यांचा ताप आणि कडुलिंबाच्या पाल्याचा वास मिसळलेला असणार. कुठली आठवण कुठल्या रकान्यात टाकायची हे सांगता येईना, तर तसंही लिहा. घाई नको. दोन दिवस लागले तरी चालतील. भाजी चिरताना आठवतं तेवढं बसून आठवत नाही. मग कागदाची घडी घाला आणि वाचायला सुरुवात करा. जिथे चुकलात तिथे खूण कागदावर करा, पुस्तकावर नको.

हा नुसता माझा चाळा नाही. अमेरिकेतले रोडिगर आणि कार्पिकी हे दोन मानसशास्त्रज्ञ. 2006 साली त्यांनी एक प्रयोग छापला. विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, तर काहींनी न बघता आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे होते, 81 टक्के आणि 75 टक्के. पण आठवड्यानं घेतली तेव्हा पारडं फिरलं. पुन्हा वाचणाऱ्यांचं 42 टक्के उरलं, आठवून लिहिणाऱ्यांचं 56. म्हणजे नुसती पानं पुन्हा उलटण्यात फारसं पुण्य नाही, हे तुमच्या जाऊबाईंच्या बाजूनं म्हणावंच लागेल. कादंबरी ही काही परीक्षा नव्हे आणि टक्क्यांसाठी ती वाचायची नाही. तरी ‘आठवत नाही’ ही जी तुमची तक्रार आहे, तिच्यावर हा कागद हेच औषध आहे. त्या 23 पुस्तकांनाही लावून बघा.

राहिली भीती. न आवडलं तर?

न आवडू शकतं. मी खोटा धीर देणार नाही. एकोणिसाव्या वर्षी मी एक कादंबरी उशाखाली घेऊन झोपायचे. दहा वर्षांपूर्वी ती पुन्हा वाचली. नायक नायिकेच्या मनगटाला धरून तिला ओढत नेतो, ती नको नको म्हणते, आणि लेखक ते सगळं मोठ्या प्रेमाचं म्हणून रंगवतो. त्या ओळींखाली निळ्या शाईची रेघ. मला वाटलं, ही कुणाची? ग्रंथालयाचं पुस्तक थोडंच होतं. माझंच होतं, रेघही माझीच. साठाव्या पानाला मिटून ठेवलं. वाईट वाटलं, पण पुस्तकाबद्दल नाही. त्या मुलीला शेजारी बसवून चार गोष्टी सांगायला कुणी नव्हतं, याचं वाटलं. पुस्तक रद्दीत घातलेलं नाही. त्या रेघेसाठी ठेवलंय.

तुमचंही तसं झालं तर पन्नास पानांवर थांबा. दादानं दिलेलं पुस्तक आहे म्हणून शेवटपर्यंत रेटायची सक्ती नाही. तो पुस्तक देऊन गेला, गृहपाठ देऊन नव्हे. पण मला एक शंका आहे. तुम्हाला पुस्तक न आवडण्याची भीती वाटत नसावी. दादा ज्या पुस्तकावर इतका खूश होता ते पुस्तक सामान्य निघालं तर दादाचं काय, ही भीती आहे. असं असेल तर त्याच्या पेन्सिलीच्या खुणा बघा. 1986 मध्ये तुम्ही गोष्टीमागे धावत होता, 1995 मध्ये एक डोळा थर्मामीटरवर होता. त्यानं कुठे खूण केली आणि का केली, हे नीट बघितलं होतं का? जिथे खूण आहे तिथला मजकूर चांगला असो वा नसो, दादा तिथे थांबला होता एवढं तरी पक्कं आहे. अशी खूण दुसऱ्या प्रतीत मिळत नाही, नव्या आवृत्तीत नाही आणि मोबाइलवर तर नाहीच.

एक गोष्ट मात्र कडक शब्दांत. पुन्हा वाचणं हे लपणंही असू शकतं. हे गेले त्यानंतर दीड-दोन वर्षं मी विनोदी लेखांची तीच चार पुस्तकं आलटून पालटून वाचत होते. नव्या कादंबरीत नवी माणसं येतात, त्यांतलं कुणी मरेल की काय याचीही धास्ती वाटायची. जुन्या पुस्तकात कोण मरतं ते आधीच ठाऊक. मी त्याला नावं ठेवत नाही. तापात माणूस मऊ खिचडीच खातो. पण ताप उतरल्यावरही कुणी खिचडीच मागायला लागलं तर घरच्यांनी विचारावं. तुमचा दादा जाऊन वर्षही झालेलं नाही. तुमची सध्या खिचडी चालू असेल तर ती मुकाट खा, माझा कागद-बिगद सगळा बाजूला ठेवा आणि पुस्तक फक्त उशाशी घेऊन बसा. पाठशुद्धी पुढच्या वर्षी करता येईल.

सगळीच पुस्तकं पुन्हा वाचायच्या लायकीची असतात असंही नाही. बरीचशी एका प्रवासापुरती असतात, आणंद येईपर्यंत संपतात, त्यांचा मान तेवढाच. रहस्यकथा लोक पुन्हा वाचत नाहीत, का कोण जाणे. खुनी माहीत असताना लेखकानं त्याला पानोपानी कसा लपवला हे बघण्यात जी मजा आहे ती पहिल्यांदा नसते. कवितेबद्दल बोलायलाच नको, ती एकदा वाचली म्हणजे वाचलीच नाही. आणि ‘शेवट माहीत आहे, मग काय उरलं’ असं म्हणणाऱ्यांनी कीर्तनाला जाऊन बसावं. हरिश्चंद्राचं पुढे काय होणार हे ओसरीवरच्या पोरालाही ठाऊक असतं, तरी बुवा उत्तररंगात शिरले की माणसं सावरून बसतात. फैयाज खाँसाहेब आपल्या बडोदे दरबारचे गवई. दोन ओळींची बंदिश घेऊन बैठकीत तीच पुन्हा पुन्हा घोळवायची, हे तर ख्यालगायकीचं रोजचंच काम. त्यांना कुणी ‘पाछी ए ज?’ म्हटल्याचं ऐकिवात नाही.

मंडळाचं काय करायचं? भांडू नका. नियम मोडायच्या ऐवजी नियमातली फट शोधा. आपल्या पंचांगात ती आधीच करून ठेवलेली आहे. चांद्र वर्ष 354 दिवसांचं, सौर 365 चं. दरवर्षी अकराएक दिवसांची तूट पडते आणि साधारण 32-33 महिन्यांनी ती भरून काढायला अधिक महिना येतो. 2026 चा अधिक ज्येष्ठ 17 मे ते 15 जून असा आहे. लग्नं नाहीत, मुंजी नाहीत. दान, वाचन, जावयाला अनारसे, एवढंच. बारा महिन्यांत न धरलेला महिना, त्यात बारा जणींनी वहीत न धरलेलं एकेक पुस्तक वाचायचं. चाळिसाला धक्का लागत नाही, वहीवालीचा मान राहतो. अट एकच ठेवा: जी कुणी जुनं पुस्तक आणील तिनं ते किती छान आहे हे सांगायचं नाही. आपल्याला काय चुकीचं आठवत होतं, तेवढंच सांगायचं. मी तुम्हाला खात्रीनं सांगते, इतकी रंगलेली बैठक तुमच्याकडे झाली नसेल. जाऊबाईंना पहिला नंबर द्या. सुनेलाही बोलवा, तिच्या घरी तो पुरुषोत्तम मास असतो, कथा ऐकायची सवय असेल. ती तिची आवडती चोपडी घेऊन येऊ दे.

शेवटी बाइंडिंग. सुटलेल्या पानांना सेलोटेप लावू नका, कितीही मोह झाला तरी. काही वर्षांत तो पिवळा पडतो, डिंक कागदात मुरतो आणि टेप सुटून डाग राहतो. पानं क्रमानं लावा, दोन पुठ्ठ्यांत धरून सुती नाडीनं सैल बांधा आणि तसंच वाचा. टेबलावर पसरून वाचायला उलट बरं पडतं. उन्हात वाळत घालू नका, कागद ठिसूळ होतो. कसर लागली असेल तर मऊ ब्रशनं झटका. वाचून झाल्यावर मग बाइंडरकडे न्या, आणि देताना समोर उभं राहून दोन गोष्टी सांगा. एक, कडा कापायच्या नाहीत. नवं बाइंडिंग सरळ दिसावं म्हणून ते तिन्ही बाजूंनी कटिंग मारतात आणि समासातल्या पेन्सिलीच्या खुणा अर्ध्या जातात. दुसरी, पुठ्ठ्याच्या आतलं पहिलं पान. जुनं, मळकं आणि बहुतेक कोरं म्हणून ते फाडून नवं चिकटवायची पद्धत आहे. तुमच्या दादाच्या दोन ओळी त्याच पानावर असतील. ते पान घरीच काढून ठेवा आणि बाइंडिंग झाल्यावर आत ठेवायला सोबत घेऊन जा.